तुरुंगात शिकलेली भाषा



मिस्सा आटोपल्यावर देवळाच्या पायरीवर आपण काय बोलतो? नळाला पाणी नाही, तुरीला भाव नाही, गाडी उशिरा आली, सून ऐकत नाही. त्यात आम्हीही मागे नाही. बदलीचा विषय निघाला की आमची जीभ कशी चालते, ते आमचे आम्हालाच ठाऊक. म्हणून आज संत जोसेफ वाझ यांच्याविषयी लिहावेसे वाटले. कुरकुर करायला या माणसाला खरोखरच कारण होते.

ते गोव्याचे. जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी आजोळी, बाणावलीला. वडिलांचे गाव सांकवाळ. १६७६ मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली. त्या काळी युरोपीय धर्मसंघ गोव्याच्या माणसाला सहसा आपल्यात घेत नसत. देशी धर्मगुरू कितीही शिकलेला असो, दार बंद. हा अन्यायच होता, आणि अन्यायाला अन्याय म्हणणे ही कुरकुर नव्हे. स्तोत्रकर्ताही देवापुढे रडतो, भांडतोसुद्धा. पण तो देवाशी बोलतो. वाळवंटात इस्राएल लोक मान्न्यावरून कुरकुरले, ते आपापल्या तंबूच्या दारात बसून, एकमेकांत. फरक तेवढाच, पण मोठा.

जुन्या गोव्यात काही देशी धर्मगुरू एकत्र राहू लागले होते. कानडी किनाऱ्यावर सेवा करून परतलेले फादर वाझ १६८५ मध्ये त्यांना मिळाले आणि त्यांचे प्रमुख झाले. संत फिलिप नेरी यांच्या धर्तीवर तिथे ऑरेटरी उभी राहिली. (तिलाही जातीचा उंबरा होताच, हे लपवण्यात अर्थ नाही.)

त्यांचे मन मात्र श्रीलंकेकडे लागले होते. डच लोकांनी १६५८ मध्ये जाफना घेतले आणि कॅथलिक धर्मगुरूंना बंदी केली. तिथल्या भाविकांना कित्येक वर्षे मिस्सा नव्हती. १६८७ मध्ये फादर वाझ मजुराच्या वेषात जाफन्यात उतरले, तेही आजारी. अंगात बळ आल्यावर गळ्यात जपमाळ घालून ते दारोदार भीक मागू लागले. माळ पाहून कोणाचे डोळे चमकतात ते पाहायचे आणि कॅथलिक घर ओळखायचे, ही त्यांची युक्ती.

१६९२ मध्ये ते डोंगरातल्या कँडी राज्यात पोहोचले. तिथे पोर्तुगीजांचा हेर असल्याच्या संशयावरून त्यांना कैद झाली. डचांपासून लपत आलेला माणूस पोर्तुगीजांचा म्हणून पकडला गेला! आपण असतो तर देवाला हजार प्रश्न विचारले असते. निदान आम्ही तरी विचारले असते.

फादर वाझ तुरुंगात सिंहली शिकू लागले. तमिळ त्यांनी आधीच शिकून घेतली होती. दुधनीकरांना या गोष्टीचे मोल वेगळे सांगायला नको. एका ओट्यावर मराठी आणि कानडी दोन्ही ऐकत आपण राहतो. आमची कानडी अजून चुकते आणि तुम्ही हसता. परक्या भाषेत बोलण्याआधी पुष्कळ दिवस गप्प बसून ऐकावे लागते, आणि तक्रार करत ऐकता येत नाही, एवढे त्यातून आम्हाला कळले आहे. हळूहळू पहारा सैल झाला, आवारातच एक झोपडी देऊळ बनली. पुढे राजा दुसरा विमलधर्मसूर्य यांनी त्यांना फिरण्याची मोकळीक दिली.

१६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली. राजाने शहर सोडले, लोक आपल्याच आजारी माणसांना रानात टाकून पळाले. फादर वाझ आणि त्यांचे सोबती फादर जोसेफ कार्व्हालो मागे राहिले. रोग्यांसाठी झोपड्या उभारल्या, जखमा धुतल्या, अन्न भरवले, मृतांना पुरले. रोगी ख्रिस्ती की बौद्ध, हे पाहिले नाही.

ते गोव्याला परत गेले नाहीत. १६ जानेवारी १७११ रोजी कँडीतच त्यांचे निधन झाले. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९५ मध्ये कोलंबोत त्यांना धन्य घोषित केले आणि १४ जानेवारी २०१५ रोजी तिथेच पोप फ्रान्सिस यांनी संतपद दिले. त्यांचा सण १६ जानेवारीला, संक्रांतीच्या तिळगुळाचा डबा अजून रिकामा झालेला नसतो तेव्हा येतो.