विल्यम आर्मस्ट्राँग
बंदरावरील यारी शेंकडों मण माल सहज उचलते, तें पाहून आम्हांस कौतुक वाटतें. यारीस पाण्याच्या दाबाचें बळ देणारे विल्यम आर्मस्ट्राँग १८१० सालीं इंग्लंडांतील न्यूकॅसल येथें जन्मले. पित्याच्या इच्छेस्तव ते वकील झाले. मन मात्र यंत्रांत रमे. १८३५ च्या सुमारास नदीवर मासे धरीत असतां त्यांस एक पाणचक्की दिसली. प्रवाहाचें बहुतेक बळ वायां जात आहे, हें त्यांनीं ताडलें व त्याचाच ध्यास घेतला. दहाएक वर्षांच्या खटपटीनें न्यूकॅसलच्या धक्क्यावरील यारी नळाच्या पाण्यानें चालूं लागली. १८४७ सालीं वकिली सोडून त्यांनीं एल्स्विक येथें कारखाना काढला. जेथें पाण्यास पुरेसा दाब नसे, तेथें जड वजनाखालीं पाणी कोंडून बळ सांठविण्याची युक्तीही त्यांचीच. १८९४ सालीं खुला झालेला लंडनचा टॉवर पूल उचलणारीं यंत्रें याच कारखान्यानें पुरविलीं. आज पाण्याची जागा तेलानें घेतली असली, तरी तत्त्व तेंच आहे.

याच कारखान्यांत तोफाही घडल्या, हें आम्हांस लपवितां येत नाहीं. १९०० सालीं ते निवर्तले. हमालाच्या पाठीवरील ओझें उतरविणारी विद्या संहारासही कामीं आली. तेव्हां विद्येबरोबर विवेकही जोडावा, हाच बोध आम्ही या चरित्रापासून घेतों.