पागे यांचा कायदा आणि सौंसरचा मजूर

नागपूरहून छिंदवाड्याकडे जाताना सौंसर लागते. बोली मराठी, शेतात कापूस, बागांत संत्री. राज्य मात्र मध्य प्रदेश. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर मुंबई राज्यात गेले आणि सौंसर मागे राहिले. नकाशावरील त्या रेघेचा गरिबाच्या भाकरीशी काय संबंध, हे वि. स. पागे यांच्या चरित्रावरून कळते.

१९१० साली जन्मलेले विठ्ठल सखाराम पागे सांगली जिल्ह्यातले. स्वातंत्र्यलढ्यातून ते सार्वजनिक जीवनात आले. १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षे ते महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते. त्या मानाच्या आसनावर बसूनही त्यांचे लक्ष दुष्काळी तासगाव तालुक्यातील रिकाम्या हातांकडे होते. पंचवार्षिक योजनांचा लाभ झिरपत खाली येईपर्यंत मजुराने थांबावे, हे त्यांना मान्य नव्हते. १९६५ च्या सुमारास विसापुरास त्यांच्या कल्पनेचा प्रयोग झाला. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांनी त्यास पाठबळ दिले. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी राज्यभर पोहोचली. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागणे हा हक्क ठरला. ते न दिल्यास बेकारी भत्ता देणे सरकारवर बंधनकारक झाले. त्यासाठी मुंबई-रत्नागिरीच्या पगारदारावरही व्यवसाय कर बसला. शहराने खेड्याचे देणे फेडण्याची ही रीत आम्हांस फार मोलाची वाटते.

योजना निर्दोष होती असे आम्ही म्हणत नाही. खोटे हजेरीपट निघाले, मजुरी थकली. मजुराने खोदलेल्या तलावाचे पाणी जमीनवाल्याच्या शेतात गेले आणि मजूर भूमिहीनच राहिला. भूक शमली तरी विषमता उरते, हा धडा राज्यकर्त्यांनी विसरू नये.

तरीही तोच कापूस वेचणाऱ्या सौंसरच्या मजुराला असा हक्क मिळण्यास २००५ चा केंद्रीय कायदा यावा लागला; देशभर तो लागू होईतो २००८ उजाडले. पागे १९९० सालीच निवर्तले होते. रेघेच्या दोन बाजूंमध्ये जवळजवळ तीन दशकांचे अंतर पडले, ते दैवाने नव्हे, धोरणाने.

२०२३ साली सौंसर नव्या पांढुर्णा जिल्ह्यात गेले. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने रोजगाराचाही नवा कायदा केला. जिल्हे बदलोत, कायद्यांची नावे बदलोत. मजुराने काम मागितले तर सरकारला ते नाकारता येते काय, एवढ्या एकाच कसोटीवर आम्ही प्रत्येक धोरण पारखू. पागे यांचे खरे स्मारक तेच.