भूक ओळखणारी माउली : पंडिता रमाबाई



अनाथांची सेवा हे शब्द आपण सभांमध्ये आणि प्रार्थनांमध्ये पुष्कळदा ऐकतो. नाताळात एखाद्या आश्रमात जाऊन खाऊ वाटला, नवे कपडे दिले, की मनाला समाधान वाटते. ते चांगलेच आहे. पण याकोबाने आपल्या पत्रात खऱ्या धर्माची परीक्षा अनाथ व विधवा यांच्या दाराशी नेऊन ठेवली, तेव्हा त्याच्या मनात एका दिवसाची भेट नक्कीच नसावी. या सेवेत माणसाला काय काय द्यावे लागते, हे समजून घ्यायचे असेल तर पंडिता रमाबाईंचे जीवन पुन्हा एकदा शांतपणे पाहा. नाव तुम्हाला ठाऊक आहे. त्यांच्या सेवेचे मूळ कुठे होते, ते आज पाहू.

रानातले घर, दुष्काळातली वाट

जुन्या म्हैसूर संस्थानाची पश्चिम हद्द जिथे सह्याद्रीच्या माथ्यावर मंगळूर प्रांताला भिडते, तिथे गंगामूळ नावाचे दाट रान आहे. तुंगा आणि भद्रा या नद्या त्याच डोंगरात उगम पावतात. 23 एप्रिल 1858 रोजी रमाबाईंचा जन्म तिथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत पंडित. स्त्रियांना संस्कृत शिकवू नये असा त्या काळचा दंडक होता. तरीही त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना शिकवले. त्यासाठी समाजाचा रोष पत्करला आणि रानात येऊन घर बांधले. पुढे लक्ष्मीबाईंनी लेकीला शिकवले. बाराव्या वर्षापर्यंत रमाबाईंना पुराणातील हजारो श्लोक तोंडपाठ होते.

हे कुटुंब पुढे तीर्थयात्रेला निघाले. जवळचे होते नव्हते ते दानधर्मात संपले आणि त्याच सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला. 1874 च्या आसपास थोड्याच काळात वडील गेले, आई गेली आणि थोरली बहीणही गेली. आजारी आईसाठी बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागायला रमाबाईंना दुसऱ्याच्या दारी उभे राहावे लागले. आईच्या तिरडीला चार खांदे मिळेनात. दोन माणसे कशीबशी तयार झाली. उरलेली बाजू भाऊ श्रीनिवास आणि रमाबाई यांनी उचलली. उंची कमी असल्यामुळे रमाबाईंनी आपला भार डोक्यावर घेतला.

वाचकहो, पुढे ज्यांना हजारो मुलींची आई म्हटले गेले, त्या स्वतः अशा अनाथ झाल्या होत्या. हे लक्षात ठेवा, म्हणजे पुढचे सारे समजेल.

मान मिळाला, घर गेले

भावाबहिणीने देशभर पायपीट केली. 1878 मध्ये ती दोघे कलकत्त्याला पोहोचली. तिथल्या विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. पण 1880 मध्ये श्रीनिवासही वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह केला. 1881 मध्ये मनोरमा जन्मली आणि 1882 च्या फेब्रुवारीत पटकीने बिपिनबाबूंचा मृत्यू झाला. तेविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या. कडेवर तान्हे मूल, आणि माहेर म्हणावे असे कुणीही उरले नव्हते.

त्या पुण्याला आल्या. आर्य महिला समाज स्थापन केला, स्त्रियांच्या शिक्षणासाठी हंटर आयोगापुढे साक्ष दिली. 1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहिल्या. त्या भगिनी त्यांना लंडनजवळच्या फुलम येथील आश्रमात घेऊन गेल्या. समाजाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांची तिथे मायेने सेवा चालली होती. अशा स्त्रियांना कुणी जवळ घेते, हे रमाबाईंना नवीन होते. ही माया कुठून येते, असे त्यांनी विचारले. तेव्हा त्यांना विहिरीवर भेटलेल्या शोमरोनी स्त्रीची आणि प्रभू येशूची कथा सांगण्यात आली. 29 सप्टेंबर 1883 रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला.

इथे जरा थांबा. रमाबाईंनी वेद, पुराणे, शास्त्रे यांचा अभ्यास केला होता. वादात त्यांना हरवणे सोपे नव्हते. त्यांच्या मनाचे दार उघडले ते टाकलेल्या बाईच्या जखमा धुणाऱ्या हातांनी. तुमची साक्ष लोक कुठे वाचतात, याचा विचार तुम्हीच करा.

शारदा सदन

1886 मध्ये रमाबाई अमेरिकेला गेल्या. भारतातील उच्चवर्णीय विधवांच्या हालअपेष्टांवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले, गावोगाव व्याख्याने दिली. बोस्टन येथे त्यांच्या मदतीसाठी मंडळ स्थापन झाले. त्या मंडळाने 10 वर्षे खर्च उचलण्याचे कबूल केले. 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आले. पहिल्या विद्यार्थिनींमध्ये गोदूबाई नावाची बालविधवा होती. पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी तिच्याशी विवाह केला.

सदनात धर्माची सक्ती नव्हती. मुलींना आपले आचार पाळण्याची मोकळीक होती. मात्र रमाबाई स्वतः प्रार्थना करत तेव्हा खोलीचे दार उघडे असे, आणि काही मुली आपण होऊन आत येऊन बसत. यावरून 1893 मध्ये पुण्यात मोठे वादळ उठले. केसरीने टीका केली. रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

हा प्रश्न आजही आपल्यापुढे आहे. भुकेल्या लेकराला भाकर देताना विश्वासाची अट घालावी का? मुळीच नाही. भाकर ही विश्वासाची किंमत होता कामा नये. पण टीकेच्या भीतीने स्वतःच्या प्रार्थनेचे दार बंद करावे का? रमाबाईंनी ते केले नाही. या दोन गोष्टींमधली वाट अरुंद आहे, आणि सेवा करणाऱ्या प्रत्येकाला ती चालावी लागते.

मुक्ती

अमेरिकेची मदत कधीतरी संपणार हे ओळखून रमाबाईंनी पुणे-सोलापूर लोहमार्गावरील केडगाव येथे जमीन घेतली होती. फळबाग लावून सदनाचा खर्च भागवावा, एवढाच बेत होता. पण 1896 मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. बातमी ऐकताच त्यांना स्वतःचे दिवस आठवले. हाती पुरेसा पैसा नसताना त्या तिकडे गेल्या आणि उपाशी, रोगी, नको त्या लोकांच्या हाती पडू पाहणाऱ्या मुली व विधवा घेऊन परतल्या. एक-दोन फेऱ्यांत ही संख्या शेकड्यांवर गेली.

पुण्यात तेव्हा प्लेग पसरला होता. नव्या मुलींना शहरात ठेवण्यास मनाई झाली. म्हणून केडगावच्या माळावर तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. त्याच वस्तीचे नाव पुढे मुक्ती सदन झाले. प्लेगच्या छावणीत आपल्या मुलींची हेळसांड झाल्याचे कळताच रमाबाईंनी सरकारविरुद्ध वृत्तपत्रात उघडपणे लिहिले. लेकराचा प्रश्न आला की आई साहेबाची भीड ठेवत नाही.

1900 मध्ये गुजरातच्या दुष्काळातूनही मुली आल्या आणि मुक्तीतील संख्या दीड हजारांच्या वर गेली. माळावर विहिरी खोदल्या गेल्या. मुली विणकाम, शिवण, शेती, दूधदुभते, छपाई अशी कामे शिकल्या. थोरल्या स्त्रियांकडे लहान मुली सोपवल्या, म्हणजे जिला मूल नव्हते तिला लेक मिळाली आणि जिला आई नव्हती तिला माय मिळाली. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन, अशक्त व वृद्धांसाठी प्रीती सदन, अंध मुलींसाठी बार्तिमी सदन उघडले. रमाबाई मुलींना केवळ जगवून थांबल्या नाहीत. दुसऱ्याच्या दारी तुकडा मागण्याची वेळ त्यांच्यावर पुन्हा येऊ नये, एवढे बळ त्यांनी त्यांच्या हातांत दिले.

हे सारे सांभाळत असतानाच त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या व संपूर्ण पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणले, कारण त्यांच्या साध्यासुध्या मुलींना ते वाचता यायला हवे होते. ते मुक्तीच्याच छापखान्यात छापले गेले. 1921 मध्ये मनोरमा गेली. ज्या लेकीच्या हाती सारे सोपवायचे होते, तिलाच आईने निरोप दिला. 5 एप्रिल 1922 रोजी केडगाव येथे रमाबाई प्रभूमध्ये विसावल्या. मुक्तीचे काम आजही सुरू आहे.

आता आपण

वाचकहो, तुमच्या मंडळीत किंवा प्रार्थना-गटात अशी एखादी आई असेल, जिचा नवरा गेला आहे आणि जी मुलांना वसतिगृहात टाकावे का, या विचारात आहे. मूल अनाथ होते ते आईबाप मेल्यावरच असे नाही. कित्येकदा घराला वेळेवर आधार न मिळाल्यामुळेही ते पोरके होते. त्या घराची शाळेची फी, किराणा, औषध, आईला एखादे काम, मुलांचा अभ्यास घेणारे कुणीतरी, एवढे चार-पाच कुटुंबांनी वाटून घेतले तर ते घर मोडणार नाही. रमाबाईंकडे सुरुवातीला यापेक्षा फार काही नव्हते. भूक काय असते याची आठवण होती, आणि ती आठवण प्रभूच्या हाती दिलेली होती.

या आठवड्यात प्रार्थनेला बसाल तेव्हा अशा एका घराचे नाव घ्या. आणि प्रार्थना संपल्यावर त्या घरी जा.