करार, कर्ज आणि महामहोपाध्याय काणे

कर्जखतावर सही झाली की ऋणकोचे तोंड बंद झाले, असे आपल्याकडे सर्रास मानले जाते. अर्थशास्त्राची क्रमिक पुस्तकेही करार म्हणजे दोन स्वतंत्र व्यक्तींनी राजीखुशीने केलेला सौदा, एवढे सांगून पुढे जातात. ही राजीखुशी खरी असते काय, आणि नसेल तर कायद्याने काय करावे, हा प्रश्न मात्र फार जुना आहे. त्याच्या भारतीय परंपरेचा साक्षेपी इतिहास महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनी लिहिला. त्यांचे चरित्र म्हणूनच केवळ संस्कृतज्ञांपुरते उरत नाही.

रत्नागिरी जिल्ह्यात १८८० साली जन्मलेले काणे हे दापोलीच्या एका वकिलाचे चिरंजीव. मुंबईच्या विल्सन कॉलेजातून पदवी घेऊन त्यांनी संस्कृत आणि कायदा या दोन्ही विषयांचा व्यासंग केला. काही वर्षे सरकारी शाळांत शिक्षकी केल्यावर ती नोकरी सोडून १९११ मध्ये त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात वकिली आरंभिली. १९१७ ते १९२३ या काळात ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात प्राध्यापक होते. सकाळी जो शास्त्रार्थ वाचावा त्याचा कस दुपारी न्यायालयात लागावा, असा हा दुहेरी संसार होता.

नीलकंठभट्टांचा ‘व्यवहारमयूख’ हा ग्रंथ काण्यांनी १९२६ मध्ये संपादून प्रसिद्ध केला. त्याला धर्मशास्त्राच्या इतिहासाची प्रस्तावना जोडावी, एवढाच मूळ बेत होता. ती प्रस्तावना वाढत गेली आणि तिचे पाच खंड झाले. पहिला १९३० साली निघाला, शेवटचा १९६२ साली पूर्ण झाला; पृष्ठे साडेसहा हजारांच्या घरात गेली. पोटाच्या जुनाट दुखण्याने गांजलेल्या एका व्यक्तीने वकिली सांभाळून हे काम तडीस नेले.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो १९४६ चा तिसरा खंड. दिवाणी व्यवहाराचे प्राचीन नियम त्यात एकत्र सापडतात. स्मृतिकारांनी वादाचे जे अठरा विषय मानले त्यांत ऋणादान पहिले. त्याखेरीज ठेव, भागीदारी, मजुरांचे वेतन, खरेदी-विक्रीतील पश्चात्ताप, संघाच्या ठरावांचा भंग हेही त्यांत येतात. मद्यप्यालेला, वेडा, आर्त, परतंत्र वा अल्पवयीन मनुष्य यांनी केलेला व्यवहार मनूने असिद्ध ठरविला. बळाने लिहवून घेतलेला दस्तऐवजही तसाच. एका वेळी मुद्दलापेक्षा अधिक व्याज वसूल करता येऊ नये, हा दामदुपटीचा दंडक याच परंपरेतला. म्हणजे सहीच्या मागे जाऊन ऋणकोची स्थिती पाहणे, हे आपल्या कायद्याला परके नव्हते.

सोलापूरकरांना तर हा प्रश्न घरचाच आहे. भारतीय करार कायदा १८७२ मध्ये लागू झाला आणि तीनच वर्षांनी पुणे व नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पुणे, सातारा, नगर व सोलापूर या चार जिल्ह्यांसाठी केलेल्या या कायद्याने न्यायाधीशाला खतामागील देण्याघेण्याचा संपूर्ण इतिहास तपासण्याचा अधिकार दिला. पुढे १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्यातही दामदुपटीची मर्यादा घातली गेली.

तथापि काणे परंपरेचे भाट नव्हते, आणि त्यांची थोरवी येथेच आहे. ज्या मनूने दुर्बलाचा करार असिद्ध ठरविला, त्यानेच ब्राह्मणाला दरमहा शेकडा दोन आणि शूद्राला शेकडा पाच असा व्याजाचा चढता दर सांगितला. जो सर्वांत गरीब त्यालाच सर्वांत महाग कर्ज! काण्यांनी अशी वचने दडवली नाहीत. शास्त्र काळानुसार बदलत आले आहे, हे त्यांनी पुराव्यानिशी दाखविले आणि स्वतःही ते मानले. आपल्याच जिल्ह्यातील पंढरपूरच्या मंदिरात केशवपन न केलेल्या ब्राह्मण विधवेच्या पूजेच्या अधिकाराचा वाद उभा राहिला, तेव्हा धर्मशास्त्राचा हा प्रकांड पंडित त्या विधवेच्या बाजूने उभा राहिला.

पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद, राज्यसभेचे सदस्यत्व आणि १९६३ मध्ये भारतरत्न, असे मान त्यांच्याकडे चालत आले. १९७२ साली त्यांचे निधन झाले.

आज कर्जखत कागदावरून मोबाईलवर आले आहे. यंत्रमागावरचा कामगार किंवा विड्या वळणारी स्त्री न वाचलेल्या अटींना अंगठ्याच्या एका स्पर्शाने संमती देते. सावकारी कायद्याच्या मर्यादा बँकांना लागू नाहीत, आणि हप्ता थकला की ‘करार तुम्हीच केला होता’ हे उत्तर तयार असते. करार पाळले गेलेच पाहिजेत, अन्यथा उद्या गरिबाला कर्ज देणार कोण, हा युक्तिवाद खोटा नाही. परंतु करार पाळा असे सांगणाऱ्या कायद्यावरच तो कोणत्या अवस्थेत झाला हे पाहण्याची जबाबदारी येते. जुन्या ग्रंथांतील विषमता टाकून हा विवेक तेवढा उचलता येतो. काण्यांच्या ग्रंथांना केवळ कपाटातील शोभा मानणाऱ्या पिढीने निदान एवढे तरी त्यांच्याकडून घ्यावे.