एनिग्मा फोडणारा ॲलन ट्युरिंग: सिनेमात नसलेली गोष्ट

पुण्यात इंजिनिअरिंग करताना ट्युरिंग मशीन म्हणजे माझ्यासाठी पेपरात हमखास येणारा प्रश्न, एवढंच होतं. नंतर 'द इमिटेशन गेम' (2014) बघितला आणि त्या नावामागचा माणूस कळला. सिनेमा भारी आहे, पण खरी गोष्ट थोडी वेगळी आहे.

ट्युरिंगचा जन्म 23 जून 1912 रोजी लंडनमध्ये झाला. वडील मद्रास इलाख्यात आयसीएस अधिकारी, त्यामुळे मुलं इंग्लंडमध्ये दुसऱ्यांच्या घरी वाढली. 1936 मध्ये त्यानं कागदावर एक काल्पनिक यंत्र मांडलं: सूचना बदलल्या की तेच यंत्र वेगळं काम करणार. तुमच्या फोनवर कॅमेरा, यूपीआय आणि गेम चालतात ते याच कल्पनेवर.

1939 मध्ये युद्ध सुरू झालं आणि तो ब्लेचली पार्कमध्ये दाखल झाला. जर्मनांच्या एनिग्मा मशीनच्या शक्य मांडण्या होत्या 159 वर 18 शून्यं, आणि मांडणी रोज बदलायची. सगळ्या तपासणं अशक्यच. पण पोलिश गणितज्ञांनी 1932 मध्येच एनिग्माला पहिली भगदाडं पाडली होती. त्यांचं काम ट्युरिंगच्या टीमनं पुढे नेलं.

युक्ती काय होती? जर्मन हवामानाचे संदेश ठरावीक शब्दांत यायचे. शिवाय एनिग्मात कुठलंही अक्षर बदलून पुन्हा तेच येत नसे. म्हणून अंदाजाचा शब्द संदेशाखाली सरकवायचा. एक जरी अक्षर जुळलं तरी ती जागा बाद. उरलेल्या शक्यता 'बॉम्ब' नावाचं मशीन तपासायचं. त्यात गॉर्डन वेल्चमननं मोठी सुधारणा केली. म्हणजे कुलूप मजबूत होतं, सवयींनी घात केला. तुमचा पासवर्ड नाव आणि जन्मसाल असेल, तर आजच बदला.

1952 मध्ये ट्युरिंगकडे चोरी झाली. तक्रार त्यानंच केली, पण चौकशीत त्याचे एका पुरुषाशी असलेले संबंध उघड झाले. तेव्हा तो गुन्हा होता. तुरुंग टाळायला त्याला हार्मोनचे उपचार घ्यावे लागले. गुप्त कामाची परवानगीही गेली. युद्धातली त्याची कामगिरी गुप्तच असल्यानं लोकांना माहीत नव्हती. 7 जून 1954 ला सायनाइडनं त्याचा मृत्यू झाला. वय 41. माफी मिळाली 2013 मध्ये. आपल्याकडे इंग्रजांनीच आणलेल्या कलम 377 मधून प्रौढांचे संमतीचे संबंध सुप्रीम कोर्टानं 2018 मध्ये वगळले.

मित्राचा अनलॉक फोन हाती आला की गंमत म्हणून मी चॅट उघडायचो. ट्युरिंगबद्दल वाचल्यापासून ते बंद केलंय.