पाच टक्क्यांची घरमालकीण

इंग्लंड व वेल्समध्ये १ एप्रिल २०१८ पासून घर नव्याने भाड्याने द्यायचे, तर ऊर्जा-प्रमाणपत्रात त्याला किमान 'ई' श्रेणी असावी लागते. श्रेणी 'ए' ते 'जी' अशा सात. ज्यांची ऊब भिंती-छपरांतून निसटते अशी तळाच्या दोन श्रेणींची घरे, काही अपवाद वगळता, भाडेकरूला देता येत नाहीत. २०२० पासून हे बंधन चालू भाडेकरारांनाही लागू झाले. भाडे घ्यायचे तर घर राहण्याजोगे ठेवले पाहिजे, हा आग्रह मात्र लंडनमध्ये दीडशे वर्षांपूर्वीच एका तरुणीने धरला होता. तिचे नाव ऑक्टाव्हिया हिल.

३ डिसेंबर १८३८ रोजी विस्बेच येथे त्यांचा जन्म झाला. वडील धान्याचे व्यापारी; त्यांचे दिवाळे निघाले आणि पुढे मनःस्वास्थ्यही ढासळले. आजोबा डॉ. साउथवुड स्मिथ सार्वजनिक आरोग्याचे खंदे पुरस्कर्ते होते. गलिच्छ वस्ती आणि तापाची साथ यांचे नाते नातीला घरातच उमगले. चौदाव्या वर्षी खेळणी बनविणाऱ्या गरीब मुलींवर देखरेख करताना त्यांची घरेही तिने पाहिली.

१८६५ मध्ये जॉन रस्किन यांनी मॅरिलेबोनमधील 'पॅराडाइज प्लेस' येथील तीन घरे विकत घेऊन ऑक्टाव्हियांच्या हाती सोपविली. नाव तेवढे नंदनवनाचे! या सुरुवातीच्या घरांबद्दल त्यांनी लिहून ठेवले आहे. भिंतींचा गिलावा गळत होता, छपरातून ठिबकणारे पाणी धरायला जिन्यात बादली ठेवलेली होती. जिने काळोखे, त्यांचे कठडे नाहीसे झालेले. भाडेकरूंनी ते सरपण म्हणून जाळले होते. ऊब मिळविण्यासाठी घरच जाळावे लागत होते.

रस्किन यांची अपेक्षा होती पाच टक्के परताव्याची. तेवढा देऊन उरलेल्या रकमेतून दुरुस्त्या व सोयी करायच्या आणि कोणत्या करायच्या हे भाडेकरूंनाही विचारायचे, अशी ऑक्टाव्हियांची पद्धत होती. भाडे वसूल करायला बायकाच दर आठवड्याला दारोदार जात. त्या निमित्ताने गळके छप्पर, तुंबलेली मोरी नजरेस पडे. भाडे थकविणाऱ्याला मात्र दयामाया नव्हती. त्याला घर सोडावे लागे. १८७४ पर्यंत अशा वसाहतींची संख्या पंधरा आणि भाडेकरूंची सुमारे तीन हजार झाली होती.

या कामाला दुसरीही बाजू आहे. भाडेकरूचे राहणीमान सुधारताना त्याच्या वागणुकीवरही पहारा असे. नगरपालिकांनी स्वतः घरे बांधावीत, याला ऑक्टाव्हियांचा ठाम विरोध होता. स्त्रियांच्या मताधिकारालाही होता. त्यांची भिस्त चांगल्या घरमालकावर होती. तो वाट्याला न आलेल्या भाडेकरूने काय करायचे, याचे उत्तर त्यांच्या पद्धतीत सापडत नाही. आता ते कायद्याने दिले आहे: २०१६ पासून भाडेकरू स्वतःहून ऊर्जाबचतीची सुधारणा मागू शकतो आणि सबळ कारणाशिवाय मालकाला नकार देता येत नाही.

मोकळ्या जागांसाठीही ऑक्टाव्हिया झगडल्या. १८९५ मध्ये स्थापन झालेल्या 'नॅशनल ट्रस्ट'च्या तीन संस्थापकांपैकी त्या एक. १३ ऑगस्ट १९१२ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफनाचा मान देऊ करण्यात आला होता. पण त्यांच्याच इच्छेनुसार केंटमधील क्रॉकम हिल या खेड्यात, बहिणीच्या कबरीशेजारी त्यांना पुरण्यात आले.