जलदूतवरची जन्माष्टमी

आजच्या वाचनात भगवद्गीतेतला ३.१३ हा श्लोक आला. जे भक्त यज्ञात अर्पण करून उरलेलं अन्न घेतात ते पापातून सुटतात आणि जे फक्त स्वतःसाठी रांधतात ते पापच खातात, असं भगवंत अर्जुनाला सांगतात. तुमच्यापैकी बरेच जण घरापासून लांब राहतात, कुणी पीजीमध्ये, कुणी तर थेट परदेशात. तिथे सण आला की पहिला विचार हाच येतो, की एकट्यासाठी कुठे घाट घालायचा? हा श्लोक वाचताना मला श्रील प्रभुपादांच्या दोन जन्माष्टमी आठवतात. एक १९६५ ची आणि एक १९६६ ची.

१३ ऑगस्ट १९६५ ला जलदूत हे मालवाहू जहाज कोलकात्याहून निघालं. प्रभुपाद तेव्हा एकोणसत्तरीला टेकले होते. सिंदिया कंपनीच्या सुमती मोरारजींनी त्यांना तिकीट दिलं होतं, तेही सहजासहजी नाही. या वयात एवढा प्रवास झेपेल का, ही काळजी त्यांना होतीच. बरोबर सामान काय? एक सुटकेस, एक छत्री, चाळीस रुपये आणि थोडं कोरडं धान्य. अमेरिकेत आपल्याला चालेल असं खायला मिळेल की नाही कुणास ठाऊक, म्हणून. त्यांच्या गुरूंनी, भक्तिसिद्धांत सरस्वतींनी, १९२२ सालच्या पहिल्या भेटीतच पाश्चात्य देशांत इंग्रजीतून प्रचार करायला सांगितलं होतं. ती आज्ञा पाळायला ते चव्वेचाळीस वर्षांनी नव्हे, तर त्रेचाळिसाव्या वर्षी निघाले होते, इतकंच काय ते समाधान!

निघून आठवडा होतो न होतो तोच जन्माष्टमी आली, २० ऑगस्टला. वृंदावनात तेव्हा काय धामधूम असते ते तुम्हाला माहीतच आहे. इथे ना मंदिर, ना कीर्तनाला माणसं. प्रभुपादांनी स्वतः रांधलं, कृष्णाला भोग दाखवला, खलाशांना कृष्णकथा सांगितली आणि सगळ्यांना प्रसाद वाटला. दुसऱ्या दिवशी त्यांचा स्वतःचा वाढदिवस. तिथीने त्यांचा जन्म जन्माष्टमीच्या दुसऱ्या दिवशीचा, म्हणजे नंदोत्सवाचा. तो मात्र तसाच गेला, काही समारंभ नाही. त्याच दिवशी जहाज कोचीनला लागलं आणि मुंबईहून पाठवलेल्या श्रीमद्भागवताच्या पेट्या जहाजावर चढल्या. कोचीन सोडल्यावर दोन दिवसांत त्यांना हृदयविकाराचे झटके आले.

मला हा क्रम फार महत्त्वाचा वाटतो. जन्माष्टमीला त्यांच्याजवळ एकही शिष्य नव्हता, पुढे मिळेल याची खात्रीही नव्हती. तरी भोग झाला आणि पंगत जमली.

१७ सप्टेंबरला ते बोस्टनला उतरले. पुढचं वर्ष कठीण गेलं. न्यूयॉर्कमध्ये काही काळ तर ते राहत त्या खोलीला स्वयंपाकघरच नव्हतं. ऐन थंडीत रोज चालत दुसऱ्याच्या घरी जाऊन ते रांधायचे. (डिलिव्हरी अ‍ॅपवर जगणाऱ्या आपण सगळ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. मीही वाचते.)

मग १९६६ च्या उन्हाळ्यात सेकंड अ‍ॅव्हेन्यूवर २६ नंबरचं दुकान भाड्याने मिळालं. आधीच्या दुकानाची ‘मॅचलेस गिफ्ट्स’ ही पाटी तशीच दारावर राहिली. जुलैमध्ये इस्कॉनची नोंदणी झाली. आजूबाजूची मुलं येऊ लागली, बरीचशी हिप्पी, घर सोडलेली, नशेची सवय असलेली. प्रभुपाद त्यांना जेवू घालायचे. वरण-भात, भाजी, चपात्या. हळूहळू ती मुलं लाटणं हातात घ्यायला शिकली. दुकानात तूप मिळत नाही? लोणी कढवा. खवा नाही? दुधाची पावडर घ्या. एक गोष्ट मात्र बदलली नाही: भोग दाखवल्याशिवाय चाखायचं नाही. पातेल्यात चमचा बुडवून चव बघणं ही साधी सवय, पण तिथेच ३.१३ सुरू होतो. आपण कुणासाठी रांधतोय, हे त्या चमच्यावर ठरतं. सामान बदललं तर चालेल, अर्पण चुकवायचं नाही, हा त्यांचा हिशोब मला फार पटतो. आपण नेमकं उलटं करतो. साहित्य मिळालं नाही म्हणून सणच रद्द!

८ सप्टेंबर १९६६ ला पुन्हा जन्माष्टमी आली. ज्यांनी आयुष्यात कधी उपवास केला नव्हता अशी मुलं दिवसभर उपाशी राहून जप करत, गीता ऐकत बसली. आणि दुसऱ्या दिवशी, म्हणजे प्रभुपादांच्या तिथीच्या वाढदिवशी, त्यांच्याच छोट्याशा खोलीत यज्ञ पेटला आणि अकरा जणांना दीक्षा मिळाली.

पुढे रविवारची मेजवानी सुरू झाली. पुरी, हलवा, कचोरी असं सगळं सणाचं जेवण, येईल त्याला. पाकात मुरलेले गुलाबजाम मोठ्या बरणीत भरून ठेवलेले असत. भक्त मुलं त्यांना इस्कॉनच्या गोळ्या म्हणायची, बंदुकीतल्या! नशेचा मोह झाला की नशेऐवजी ती बरणी उघडायची.